एका लॅपटॉपात दोन कारभारणी

मागच्या खेपेला मी कडक भाकरीच्या पॅकिंगबद्दल बोलले होते. त्यावर फोन आले, पण भाकरीबद्दल कमी आणि लॅपटॉपबद्दल जास्त. बोलण्याच्या ओघात मी म्हणून गेले होते की आमच्या गटाच्या लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स अशा दोन्ही सिस्टीम चालतात. तेवढंच धरून बसल्या सगळ्या. "ताई, आमचाबी लॅपटॉप लई हळू झालाय, आम्हालाबी दोन सिस्टीम टाकायच्यात, कसं करायचं सांगा."

सांगते. पण आमचं आधी काय बिघडलं ते ऐका. त्यात माझ्या चार रात्रींची झोप गेली, आणि गटाच्या वर्षभराच्या हिशेबावर पाणी पडायची वेळ आली होती.

आमचं गाव मोहोळ तालुक्यातलं. गट अकरा जणींचा. शेंगा चटणी आणि कडक भाकरी करतो, माल सोलापूरला जातो. २०२१ साली गटाच्या पैशांतून लॅपटॉप घेतला. हिशेब टॅलीत, बिलं एक्सेलमध्ये. मी सचिव, म्हणून तो राहतो माझ्या घरी. मशीन साधंच, रॅम ४ जीबी. सकाळी बटण दाबायचं, चुलीवर चहा ठेवायचा, चहा पिऊन व्हायचा तेव्हा कुठं ते तयार व्हायचं. दुकानदार म्हणाला, नवीनच घ्या.

माझी लेक बीसीएला आहे. तिला कॉलेजात लिनक्स शिकायचं होतं. ती म्हणाली, "आई, लिनक्स फुकट आहे, हलकं आहे, विंडोजच्या शेजारी बसतं. टॅलीला धक्का लागत नाही." मी म्हटलं, बघू. हे माझं 'बघू' तिनं 'हो' धरलं. गुरुवारी रात्री मी झोपल्यावर तिनं कामाला सुरुवात केली. पहाटे मला उठवलं तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडलेला. पडद्यावर सगळं निळं, आणि लिहिलेलं की ४८ अंकांची रिकव्हरी की टाका. टाकल्याशिवाय विंडोज उघडणार नाही.

सोमवारी बँकेत आमच्या कर्जाच्या नूतनीकरणासाठी हिशेब दाखवायचा होता. पेन ड्राइव्हवर टॅलीची प्रत होती, पण ती जूनपर्यंतची. पुढच्या चार महिन्यांच्या नोंदी फक्त त्या निळ्या पडद्याच्या मागं. बिलांच्या कागदी फायली होत्या म्हणा, पण अकरा जणींचा अंतर्गत कर्जाचा, व्याजाचा, मालाचा सगळा हिशेब तीन दिवसांत पुन्हा भरायचा म्हणजे काय, ते हिशेब लिहिणारीलाच कळेल.

झालं होतं असं. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपांत विंडोज आपल्या डिस्कला आपोआप कुलूप लावतं. त्याला डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर म्हणतात. लॅपटॉप चोरीला गेला तरी चोराला आतलं वाचता येऊ नये म्हणून. चांगली गोष्ट आहे, पण ती चालू आहे हे आपल्याला कोणी सांगत नाही. रोजच्या वापरात कुलूप दिसतच नाही. मशीनच्या मुळाशी, म्हणजे बायॉसमध्ये, काही बदललं की विंडोजला संशय येतो, हे आपलंच घर आहे की नाही? आणि मग ते किल्ली मागतं. लेकीनं पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू व्हावं म्हणून सिक्युअर बूट नावाची सेटिंग बंद केली होती. बदललेलं पूर्ववत केलं तर कधी कधी कुलूप आपोआप उघडतं. पण घाबरून तिनं तिथं आणखी चार गोष्टी बदलल्या, आणि कुठल्या ते तिला आठवेना.

एक मात्र तिनं शहाणपणाचं केलं. लिनक्स टाकताना ते विचारतं, कुठं बसू? तिला वाटलं होतं 'विंडोजच्या शेजारी' असा पर्याय येईल. कुलपामुळं तो आलाच नाही. पडद्यावर होतं 'संपूर्ण डिस्क पुसून बसवा'. तिनं ते दाबलं नाही, तिथूनच माघार घेतली. ते दाबलं असतं तर मी आज इथं दुसऱ्याच विषयावर बोलत असते.

शुक्रवारी सकाळी मी अक्कांकडे गेले. अक्का आमच्या अध्यक्षा. वाटेत दोनदा मनात आलं की सांगायचं 'लॅपटॉप बिघडला' एवढंच, कोणामुळं ते नाही. पण गटात खोटं एकदा शिरलं की ते हिशेबात शिरायला वेळ लागत नाही. सगळं सांगितलं. अक्का जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पोरीला मारूबिरू नको. पण वस्तू गटाची हाय. हात लावायचा तर गटाला विचारायचं. तिलाबी सांग आन् तूबी ध्यानात ठेव." त्या 'तूबी'नं मला जास्त लागलं.

आता किल्ली कुठं असते ते सांगते, कारण हे प्रत्येकीच्या कामाचं आहे, दोन सिस्टीम टाका की नका टाकू. लॅपटॉप पहिल्यांदा चालू करताना ज्या ईमेलनं मायक्रोसॉफ्टचं खातं जोडलं असेल, बहुतेक वेळा त्याच खात्यात किल्ली जपून ठेवलेली असते. दुसऱ्या कुठल्याही मोबाइलवरून त्या खात्यात शिरून ती बघता येते. आमच्या लॅपटॉपला कुणाचा ईमेल होता? माझा नाही, अक्कांचा नाही. चार वर्षांपूर्वी दुकानातल्या पोरानं सोयीसाठी दुकानाचाच ईमेल घातला होता! तेव्हा आम्हीही विचारलं नव्हतं, लॅपटॉप मिळाल्याच्या आनंदात होतो. दोन दिवस फोनाफोनी झाली. रविवारी संध्याकाळी दुकानदारानं खातं उघडलं. त्यात बऱ्याच गिऱ्हाइकांच्या किल्ल्या. आमच्या निळ्या पडद्यावर किल्लीचा ओळख क्रमांक होता, तो वाचून दाखवला तेव्हा जुळली. मग सहा-सहा अंकांचे आठ गठ्ठे तो फोनवर सांगतोय, मी चटणीच्या लेबलाच्या पाठीमागं लिहितेय, लेक टाइप करतेय. विंडोज उघडलं. लेक रडली. मी आधी टॅलीची प्रत पेन ड्राइव्हवर घेतली, मग रडले.

तर पहिलं काम आजच करा. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स उघडा आणि ईमेल कोणाचा आहे ते बघा. गटाच्या नावाचा ईमेल काढून तो जोडा, पासवर्ड अध्यक्षा आणि सचिव दोघींकडे ठेवा. आणि ती ४८ अंकी किल्ली कागदावर लिहून गटाच्या पेटीत ठेवा, ठराव वहीशेजारी. लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नका, ते म्हणजे कुलपालाच किल्ली बांधून ठेवल्यासारखं.

यानंतर खरं तर दोन सिस्टीमचं नावच काढू नये असं मला वाटत होतं. पण पुढच्या बैठकीत लेकीला बोलावलं तेव्हा अक्काच म्हणाल्या, समजावून सांग, मग बघू. तिनं जे सांगितलं तेच मी माझ्या भाषेत सांगते.

संगणक म्हणजे नुसतं यंत्र. कळफलक, पडदा, प्रिंटर, डिस्क या सगळ्यांकडून काम करून घेणारी एक कारभारीण आत असते. ती ऑपरेटिंग सिस्टीम. विंडोज ही मायक्रोसॉफ्ट कंपनीची कारभारीण, बहुतेक लॅपटॉपांत तीच येते. लिनक्स ही दुसरी. १९९१ साली फिनलंडमध्ये लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एका विद्यार्थ्यानं तिचा गाभा लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला केला. जगभरच्या हजारो लोकांनी त्यात भर घातली. ती फुकट आहे, आणि फुकट म्हणजे चोरीची नाही. घ्या, वापरा, दुसरीला वाटा, सगळं कायदेशीर. केरळातल्या सरकारी शाळांत मुलं गेली कित्येक वर्षं लिनक्सवरच संगणक शिकतात. लिनक्सचे पुष्कळ प्रकार आहेत, आम्ही घेतला तो लिनक्स मिंट. त्यातही 'एक्सएफसीई' नावाचा हलका प्रकार, कमी रॅमवर चालणारा.

दोन सिस्टीम म्हणजे एका घरात दोन चुली. पण दोन्ही एकाच वेळी पेटत नाहीत. लॅपटॉप चालू करताना विचारतो, आज कोण? आपण एक निवडायची. दुसरी हवी असेल तर बंद करून पुन्हा चालू करायचं. प्रत्येकीला डिस्कवर आपापली खोली. त्यामुळं विंडोजला काही जड होत नाही आणि हलकंही होत नाही, हे नीट ऐका. लिनक्स टाकल्यानं तुमचं विंडोज वेगानं पळणार नाही. लिनक्समध्ये काम कराल तेवढ्या वेळेपुरता लॅपटॉप पळेल.

बैठकीत ठराव झाला, तारखेसह लिहिला, अकरा सह्या झाल्या. दिवाळीनंतर, ऑर्डरी नसताना, दिवसाउजेडी करायचं ठरलं.

सगळ्यात आधी प्रती घेतल्या. टॅलीचा डेटा, बिलं, फोटो, सगळं दोन वेगळ्या पेन ड्राइव्हवर. एक अक्कांच्या घरी. आणि तिथं दुसऱ्या लॅपटॉपवर उघडून पाहिलं की प्रत खरंच उघडते. नुसती कॉपी झाली म्हणून समाधान मानू नका.

मग सेटिंग्जमधून कुलूप बंद केलं. याला वेळ लागतो, मधे घाई करायची नाही. कुलूप काढल्यावर लॅपटॉप चोरीला गेला तर आतलं वाचता येतं, हा तोटा आहेच. तो बैठकीत सांगून मगच काढलं, आणि आता लॅपटॉप कपाटात असतो.

पुढं फास्ट स्टार्टअप नावाची सोय बंद केली. ती चालू असली की विंडोज बंद केलं तरी पुरतं बंद होत नाही. रात्री निखारे राखेखाली झाकून ठेवतो ना, सकाळी चूल लवकर पेटावी म्हणून, तसं. पण दुसरी कारभारीण त्याच घरात वावरणार असेल तर अर्धवट विझलेली चूल धोक्याची. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये ती खूण काढता येते.

मग वाटणी. ही विंडोजच्या आतूनच केलेली बरी. डिस्क मॅनेजमेंट नावाचं साधन आहे, त्यात सी ड्राइव्हवर श्रिंक म्हणायचं. आमची डिस्क २५६ जीबीची, निम्म्याहून अधिक रिकामी. आम्ही लिनक्सला ६० जीबी दिले. तिथं आकडा एमबीत मागतात, म्हणून ६० गुणिले १,०२४, म्हणजे ६१,४४०. मिंटला कमीत कमी २० जीबी लागतात, पण तेवढ्यात गुदमरतं. आणि एक सांगते. मोजणीच्या वेळी बांधावरून जशी भांडणं होतात तसं इथं नको, आकडा आधी कागदावर लिहा, मग टाका. नंतर बांध सरकवता येतो, पण ते जोखमीचं काम आहे.

मिंटची फाइल सुमारे ३ जीबीची. आमच्याकडे रेंज अशी की ती उतरवायला लेकीनं कॉलेजचं वाय-फाय वापरलं. ती पेन ड्राइव्हवर रुफस नावाच्या छोट्या प्रोग्रॅमनं चढवायची. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो, पण त्यावर आधीचं जे असेल ते सगळं पुसलं जातं. आमच्या एकीनं उत्साहात मुलीच्या लग्नाच्या फोटोंचा पेन ड्राइव्ह आणून दिला होता, वेळेवर लक्षात आलं.

आता सगळ्यात आवडलेला भाग. त्या पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप चालू केला की लिनक्स न बसवताच वापरून बघता येतं. चालू करताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप असं काही बटण दाबावं लागतं, कंपनीप्रमाणे वेगळं. डिस्कला हात न लावता पडदा, आवाज, वाय-फाय, प्रिंटर सगळं तपासा. आमच्या अक्कांनी स्वतः मराठीत गटाचं नाव टाइप केलं. इनस्क्रिप्टचा मराठी कळफलक दोन्हीकडे सारखाच, त्यामुळं हात अडला नाही. प्रिंटर मात्र लगेच चालला नाही, लेकीला तासभर खटपट करावी लागली. एखादीचं वाय-फायच चाललं नाही तर तिनं तिथंच थांबावं, काही नुकसान नाही.

बसवताना बॅटरी पूर्ण भरलेली, चार्जर लावलेला. आमच्याकडे वीज सांगून जात नाही. डिस्कवर काम चालू असताना मशीन बंद पडलं तर दोन्ही खोल्यांची पडझड होऊ शकते. साध्या डेस्कटॉपवर करणार असाल तर यूपीएस असल्याशिवाय करूच नका. या वेळी 'विंडोजच्या शेजारी' हा पर्याय दिसला. लेकीनं बोट ठेवलं, आणि दाबण्याआधी मागं वळून माझ्याकडं पाहिलं. मी अक्कांकडं पाहिलं. अक्का म्हणाल्या, "दाब की."

पुढं अर्धा तास लागला असेल.

आता रोजचं सांगते. चालू केलं की काळ्या पडद्यावर यादी येते. वर लिनक्स, खाली विंडोज. दहा सेकंदांत काही निवडलं नाही तर वरचं आपोआप उघडतं. हिशेबाला बसणाऱ्या आमच्या धाकट्या सदस्याला पहिल्या दिवशी वाटलं टॅली गेली. म्हणून मी झाकणावर चिठ्ठी चिकटवलीय: 'हिशेबासाठी खालचा बाण'. लिनक्समधून विंडोजच्या खोलीतल्या फायली दिसतात, पण विंडोजमधून लिनक्सच्या खोलीतलं दिसत नाही. म्हणून दोन्हीकडं लागणारं सगळं विंडोजच्या बाजूलाच ठेवतो.

घड्याळाची एक गंमत झाली, गंमत कसली, डोकेदुखी. लिनक्स मशीनमधलं घड्याळ जागतिक वेळेवर ठेवतं, विंडोज त्याच घड्याळाला भारतीय वेळ समजतं. फरक साडेपाच तासांचा. इंटरनेट असलं तर वेळ सुधारते, पण पहाटे आमच्याकडे कुठलं नेट? पहाटेच्या एसटीनं माल जायचा म्हणून मी ५ वाजता बिल केलं. एक्सेलमध्ये तारीख आपोआप पडते. छापून आलं ते आदल्या दिवसाचं, कारण विंडोजच्या मते रात्रीचे साडेअकरा वाजले होते! १ एप्रिलच्या पहाटे असं झालं असतं तर बिल ३१ मार्चचं, म्हणजे मागच्या आर्थिक वर्षातलं झालं असतं. सीए साहेबांना काय सांगणार, लिनक्सनं केलं? लेकीनं लिनक्सला एका ओळीचा हुकूम दिला की घड्याळ स्थानिक वेळेवर ठेव. टाइमडेटसीटीएल म्हणतात त्या हुकमाला. तेव्हापासून ठीक आहे. तरी मी बिलावरची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून बघते.

आणि एकदा विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर ती यादीच गायब झाली, थेट विंडोज उघडायला लागलं. लिनक्स गेलेलं नव्हतं. बायॉसमध्ये कोण आधी याचा क्रम बदलला होता, तो परत लावला.

सगळ्यांनी हे करावं असं मी म्हणणार नाही. तुमचं सगळं काम टॅलीतच असेल तर कशाला? टॅली विंडोजवरच चालते. तुमच्यात कोणी बीसी सखी असेल आणि अंगठ्याचं मशीन संगणकाला जोडत असेल, तर ते लिनक्सवर चालेल याचा भरवसा नाही. जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेले अर्ज लिनक्समध्ये उघडले की अक्षरांचा चिवडा दिसतो. युनिकोडमधले नीट दिसतात. आणि बिघडलं तर बघणारं जवळ कोणी नसेल, तर थांबा. पण ज्यांच्याकडे विंडोज १० चा लॅपटॉप आहे आणि तो ११ वर जात नाही, त्यांनी विचार जरूर करावा. १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. मशीन चालतं, पण सुरक्षेची डागडुजी बंद, काही अटींवर वर्षभराची वाढीव मुदत दिली तेवढीच. अशा मशीनवर टॅली विंडोजमध्ये, शक्यतो नेट बंद ठेवून, आणि नेटवरचं सगळं, शिष्यवृत्तीचे अर्ज, ईमेल, ऑनलाइन ऑर्डरी हे लिनक्समध्ये, अशी वाटणी चांगली बसते. आमच्याकडेही हळूहळू तसंच झालंय. लेकीचा अभ्यास रात्री लिनक्सवर, हिशेब दुपारी विंडोजवर. लॅपटॉप घेताना तिनं वहीत सही करायची आणि वेळ लिहायची, हे अक्कांनीच ठरवलंय. ती कुरकुरते, पण लिहिते.

एका ताईंनी विचारलं होतं, मोबाइलवर असं होतं का? नाही, आपल्या फोनवर हे करायच्या भानगडीत पडू नका.

मिंटचा तो पेन ड्राइव्ह आम्ही पुसलेला नाही. नुसतं चालवून बघायचं असेल तर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आमच्या बैठकीला लॅपटॉप घेऊन या, लेक घरी असते. येताना चार्जर आणा, आपल्या हिशेबाची प्रत घरी ठेवून या, आणि त्या ४८ अंकांची चिठ्ठी पेटीत आहे ना, ते निघायच्या आधी बघून या.